हौसाकाकूंची अळणी कोशिंबीर

आमच्या मंचरच्या घरात फ्रिजच्या दाराचा मधला कप्पा माझ्या मुलीचा आहे. त्यात तिच्या बाटल्या उभ्या असतात. एक पांढरी, एक पिवळसर, एक लाल ठिपक्यांची. सॅलडवर घालायचं ड्रेसिंग. मुलगी डाएटवर आहे, म्हणजे संध्याकाळी पोळी खात नाही, वाडगाभर काकडी-गाजर चिरते आणि त्यावर निम्मी बाटली उपडी करते. मी शाळेतून येते तेव्हा पायातली चप्पलसुद्धा कशीबशी निघते, त्यामुळे तिला चार गोष्टी सांगायचं बळ माझ्यात उरलेलं नसतं. दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळली, तेवढं पुरे. मी खुर्चीत बसून नुसती बघते, आणि बघता बघता मला येडगावच्या हौसाकाकू आठवतात.

येडगावच्या प्राथमिक शाळेत माझी बदली झाली तेव्हा नवऱ्याची नोकरी आणि मुलं मंचरलाच होती. रोज येणं-जाणं मला झेपेना, म्हणून सोमवार ते शनिवार मी तिथेच राहायचं ठरवलं. धरणाच्या बाजूला काकूंचं घर होतं. त्यांच्या ओट्यालगतची खोली मला मिळाली. जेवणाचं काय करायचं असं मी विचारलं, तर काकूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आमी खातो ते खाशाल का? आदी खाऊन बघा, मग बोला."

काकू उंच, हाडकुळ्या, खालच्या आवाजात बोलणाऱ्या. पदर कायम कमरेला खोचलेला. उभ्या असल्या की पाठ कशाला तरी टेकवायच्या, भिंतीला, दाराला, नाहीतर गोठ्याच्या खांबाला. एखादं काम संपलं की "चला, ह्ये बी झालं" म्हणायच्या आणि त्याच श्वासात पुढच्या कामाला हात घालायच्या. भांडी घासून झाली, ह्ये बी झालं. धार काढून झाली, ह्ये बी झालं. पुतणीच्या लग्नातून परत आल्या तेव्हा पायरीवर बसत त्याच सुरात तेच म्हणाल्या, तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ताट समोर आलं. भाकरी, लसणाच्या वासाची आमटी, वांग्याची भाजी आणि डाव्या बाजूला काकडीची कोशिंबीर. पहिला घास घेतला आणि मी ताटात वरच्या बाजूला मीठ शोधू लागले. आपल्याकडे पान मांडताना मीठच आधी वाढतात, तिथे काहीच नव्हतं. समोर काकूंचे यजमान, तात्या, बसले होते. ते माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते.

"शोधा, शोधा," ते म्हणाले. "सापडलं तर मला बी सांगा."

काकू म्हणाल्या, "बाई, ह्या घरात मीठ न्हाई. ह्यांचं हृदय मोठं झालंय. मीठ खाल्लं की पाणी धरतं अंगात, पाय सुजत्यात, दम लागतो. डॉक्टरांनी सांगितलंय, सांभाळलं तर राहत्याल, न्हाय तर न्हाई. आता तुमच्या पानात मीठ दिसलं की ह्यांचा हात जाणार. चालत असंल तर जेवा. न्हाय तर तुमी तुमचं येगळं मांडा, मला राग न्हाई."

वेगळं मांडायचं म्हणजे शाळेतून येऊन स्टोव्ह पेटवायचा, भांडी घासायची. निव्वळ कंटाळ्यापायी मी अळणी खायला शिकले, यात माझा मोठेपणा काहीच नाही.

भाकरीला मीठ नसतंच. आमटी चिंच आणि लसणावर निभावून जायची. खरी पंचाईत कोशिंबिरीची होती. डॉक्टरांनी तेल कमी करून कच्च्या भाज्या भरपूर खायला सांगितल्या होत्या, आणि बिनमिठाची कच्ची काकडी तात्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. "बैलापुढं वैरण टाकावी तसं टाकतीस माझ्यापुढं," ते म्हणायचे आणि वाटी सरकवून द्यायचे. काकू ती वाटी परत पुढे सरकवायच्या. हा खेळ रोज चाले. माणूस जगवायचा म्हणून त्यांनी कंबर कसली होती, आणि त्यांची सगळी लढाई त्या एका वाटीभोवती येऊन थांबली होती.

मग त्या वाटीला चव आणायचे त्यांचे उद्योग सुरू झाले. तेलाची फोडणी नाही, मीठ नाही, म्हणजे राहिलं काय? "आंबट आन् वास," काकू म्हणायच्या. "ह्या दोघांवर भागवायचं." दही फडक्यात बांधून पाणी काढायचं, मग त्यात आलं, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीच्या काड्या वाटून घालायच्या. लिंबू पिळायचं ते पिळायचंच, पण पिळायच्या आधी त्याची हिरवी साल दोन बोटं किसून घ्यायची. चिंचेचा पातळ कोळ, त्यात नखभर गूळ आणि भाजलेले जिरे. तीळ किंवा कारळे भाजून कुटायचे, तव्यावरचे गरम असतानाच, म्हणजे वास उडत नाही. कधी टोमॅटो चुलीत भाजून, लसणाच्या पाकळीसकट हाताने चुरडून काकडीवर ओतायचे. तेल नसूनही ते काकडीला धरून राहायचं. काकडी मात्र त्या कुणाला चिरू देत नसत. आधी तिचं डोकं कापून घासून घासून फेस काढायचा, कडू निघाली तर गुरांना. मग विळीवर इतकी बारीक कोचवायची, की प्रत्येक तुकड्याला आंबट लागलं पाहिजे.

मी एकदा मदत करायला बसले.  मी उठून गेल्यावर त्यांनी माझे तुकडे पुन्हा कोचवले.

तात्या अधूनमधून खुलायचे. कैरीच्या दिवसांत कांदा-कैरीची कोशिंबीर झाली की ती वाटी चाटूनपुसून खायचे, आणि खाऊन झाल्यावर म्हणायचे, "आज जरा बरी व्हती, पण मीठ कमी पडलं." काकू तेवढ्यावर दिवसभर खूश असायच्या. आपण खूश आहोत हे त्या कुणाला दाखवत नसत, पण भांडी जरा कमी आदळायची.

आता वाट्यांची गोष्ट सांगते. त्या आळीत, खरं तर आपल्या सगळ्याच गावांत, काही चांगलंचुंगलं केलं की वाटीभर शेजारी द्यायची पद्धत. आणि दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हीही पद्धत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालतील, पण रिकामी देणार नाहीत. काकूंची कोशिंबीर आळीत जायची. त्यांना अभिमान होता तिचा. आणि परत येणाऱ्या वाटीत काय यायचं? लिंबाचं लोणचं. खर्डा. तळलेले पापड, सांडगे, दिवाळी असली तर शेव. शेजारच्या शांताबाई तर लोणच्यात प्रसिद्ध. वाटी घेऊन त्यांच्या घरचं कुणी फाटकाशी आलं, की एरवी दहा पावलांत दम लागणारे तात्या लगबगीने पुढे व्हायचे. "दे, मी नेतो आत." फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत येईस्तोवर वाटीतलं लोणचं निम्मं झालेलं असायचं.

महिनाभर काकू कोड्यात होत्या. एवढं सांभाळतोय तरी पायाची सूज का उतरत नाही? मग एक दिवस तात्या गोठ्यामागच्या पाण्याच्या टाकीआड बोटं चाटताना सापडले. काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी ती वाटी हातातून घेतली, धुतली, आणि तशीच शांताबाईंच्या दारात गेल्या.

"शांता, आजपासनं वाटी रिकामी देत जा."

शांताबाईंनी छातीला हात लावला. "रिकामी? माझ्या दारातनं? हौसाक्का, आमी काय मेलो का काय?"

"ह्यांच्या जिवावर बेततंय म्हणून सांगते."

"म्हंजी माझ्या लोणच्यानं तुझा नवरा मरतोय, आसंच ना?"

तसं म्हणायचं नव्हतं, पण अर्थ तसाच होता, आणि दोघींनाही तो कळला. शांताबाईंनी बोलणं टाकलं. दुसऱ्या दोन घरांनीही हळूहळू हात आखडता घेतला. संक्रांतीला काकूंना हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. सकाळी नळावर बायका हसताना ऐकू यायच्या आणि काकू हंडा घेऊन दारातच उभ्या राहायच्या, त्या गेल्या की मग जायच्या. सगळ्या आळीत जिचा हात पुढे असायचा त्या बाईला असं चोरासारखं पाणी भरताना बघून मला फार वाईट वाटायचं. मी एकदा म्हटलं, "काकू, मी बोलू का शांताबाईंशी?" तर म्हणाल्या, "नको बाई. त्यांचं बी काय चुकलं? रिकामी वाटी मी बी दिली नसती."

उन्हाळ्यात शांताबाई माहेरी घाटघरला जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या फाटक ढकलून आत आल्या, तात्यांना मागे टाकून थेट स्वयंपाकघरात, आणि त्यांनी हिरव्या करवंदांनी भरलेली वाटी काकूंपुढे आपटली. "ह्यात मीठ न्हाई. देवानंच घातलं न्हाई, मी काय घालणार?"

काकू हसल्या. मग दोघी रडल्या. मग काकूंनी करवंदं ठेचून, बिया काढून, दह्यात कालवून काकडीवर घातली आणि शांताबाईंना चाखायला दिली. शांताबाईंनी तोंड वाकडं केलं, पण "बरी हाय" म्हणाल्या. तेव्हापासून आळीचा नवा रिवाज पडला. काकूंच्या वाटीतून परत येताना लिंबं यायची, कैरी, आल्याचा तुकडा, कोथिंबिरीची जुडी. तात्या फाटकाशी यायचे, वाटीत डोकावायचे आणि "घ्या, अजून औषधं आली" म्हणत हात हलवत परत फिरायचे.

बाटली आली ती त्यानंतरच्या वर्षी. काकूंचा मुलगा आणि सून पुण्याला. सून मनाने चांगली. सासऱ्यावर जीव. दिवाळीला येताना तिने मॉलमधून सॅलड ड्रेसिंग आणलं. बाटलीवर हिरवं पान छापलेलं, आणि हलकं, आरोग्याला चांगलं असं काहीबाही लिहिलेलं. काकूंनी बोटाच्या टोकावर थेंब घेऊन चाखला. "आंबटगोड लागतंय. खारट न्हाई," असा निकाल दिला. जन्मभर त्यांनी जिभेनेच मीठ ओळखलं होतं, आणि साखरेच्या आड लपलेलं मीठ त्यांच्या जिभेला तोवर कधी भेटलं नव्हतं.

तात्यांना ती बाटली भलतीच आवडली. उलटी धरायची, बुडावर चापट मारायची, मग भक्कन पडतं ते बघायचं. साध्या उभ्या चिरलेल्या काकडीवर ते ओतून तात्या वाटीभर खायचे. न सांगता. काकूंना कोचवायला नको, कुटायला नको, वाटायला नको. सून दर फेरीला नवी बाटली आणू लागली. त्या दिवसांत एकदा मी शाळेतून दुपारीच आले तर काकू माजघरात सतरंजी न घालता तशाच फरशीवर झोपलेल्या. मला वाटलं, चक्कर येऊन पडल्या. मी घाबरून हलवलं तर दचकून उठल्या आणि शरमल्या. "जरा आडवी झाले व्हते," म्हणाल्या. मी त्यांच्याकडे राहिले त्या सगळ्या वर्षांत त्यांना दुपारी झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

थंडी सरता सरता तात्यांचे पाय पुन्हा सुजले. बोट दाबलं की खड्डा राहायचा. उताणं झोपता येईना. नारायणगावला दवाखान्यात नेलं, मीही सोबत गेले. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात नवीन काय? काकू म्हणाल्या, काहीच न्हाई. तात्या म्हणाले, "बाटली." पुढच्या खेपेला आम्ही ती बाटली सोबत नेली, तेव्हा डॉक्टरांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "यात मीठ आहे मावशी. तेल आहे, साखरही आहे."

"आन् मग हलकं कसलं?" काकूंनी विचारलं.

 डॉक्टरांनी औषध वाढवून दिलं. परतताना जीपमध्ये काकू खिडकीबाहेर बघत होत्या. उसाच्या मोळ्या भरलेला एक ट्रॅक्टर पुढे चालला होता, त्यामुळे जीप हळू होती. बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "मी दुपारची झोपत व्हते, बाई." मी म्हटलं, त्यात काय झालं काकू, माणसाला झोप लागत नाही का? त्यांनी मान हलवली. घरी येईपर्यंत त्या ते वाक्य आणखी दोनदा म्हणाल्या. सुनेला मात्र त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आता आणू नको गं, मीच करते घरी तसलं." तिला कशाला बोल लावायचा, तिने तर प्रेमानेच आणलं होतं.

आणि खरंच त्यांनी केलं. रिकामी बाटली उन्हात वाळवली. बांधलेलं दही ताकाने सैल करून, आलं-मिरची-कोथिंबीर गाळणीतून गाळून, लिंबाची किसलेली साल आणि जवसाची बारीक पूड घालून ते त्यात भरलं. तात्यांनी जेवताना बाटली उलटी केली, चापट मारली, एक घास खाल्ला आणि काकूंकडे बघितलं.

"ह्ये तुझंच हाय."

"माझंच हाय. खावा."

तात्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा चापट मारली. आतलं काय आहे यापेक्षा ती चापट मारायची मजा त्यांना जास्त होती. रोज सकाळी काकू ती बाटली नव्याने भरायच्या, कारण शिळं झालं की ते कडसर लागतं. एक जास्तीचं काम वाढलं, एवढंच. दुपारी मात्र त्या पुन्हा कधी आडव्या झाल्या नाहीत.

एका संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. माझंही त्या दिवशी कुठल्याशा सर्वेक्षणापायी डोकं उठलं होतं. काकूंनी पाठ खांबाला टेकवली होती. म्हणाल्या, "बाई, कधी कधी वाटतं, मलाच कुणीतरी आजारी म्हणावं. मी बी पडून राहावं. कुणीतरी ताट आणून द्यावं, आन् मी सरकवून द्यावं."  त्यांच्या मनात तात्यांविषयी कडवटपणा नव्हता, त्या नुसत्या थकल्या होत्या, हाडापर्यंत. आतून तात्यांनी खोकून हाक मारली, आणि मी उठायच्या आत त्याच उठल्या.

पुढे माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली, मी घरी आले. फोन व्हायचे. तात्या आहेत, बरे आहेत, वाटी सरकवतात. डॉक्टरांनी जेवढं आयुष्य मनात धरलं होतं त्याच्या कितीतरी पुढे काकूंनी त्यांना ओढून नेलं. मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी फोनवर काकूंचा आवाज वेगळा आला. मी रविवारी येडगावला गेले.

तात्या खिडकीखालच्या खाटेवर होते, उशांना टेकून, अगदी एवढेसे झालेले. मला ओळखलं. काकू मला बाजूला, चुलीपाशी घेऊन गेल्या.

"डॉक्टर म्हणालं, आता त्यांना काय हवं ते खाऊ द्या. कायबी." माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "म्हंजी काय, बाई?"

त्यांना कळलं होतं. कुणीतरी दुसऱ्याने म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, "तेच, काकू." त्यांनी मान डोलावली. मग पदर खोचून म्हणाल्या, "मग आज त्यांना करून घालते. मनासारखी."

घरात मीठ नव्हतं. ते मी शांताबाईंकडून आणलं. काकूंनी काकडी कोचवली, दाण्याचं कूट घातलं, कढल्यात चांगलं पळीभर तेल तापवून मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी दिली, मिरची तळली, आणि शेवटी मीठ घातलं. हाताला सवय राहिली नव्हती, म्हणून चाचरत घातलं, पण घातलं. घरभर वास सुटला. त्यांनी स्वतः खाटेशी बसून तात्यांना पहिला चमचा भरवला. मी दारात उभी होते.

तात्यांनी तोंडात तो घास बराच वेळ घोळवला. मग चेहरा कसनुसा केला.

"खारट केलीस गं," ते म्हणाले. "रोजची कर."

आणि त्यांनी वाटी सरकवली.

काकू वाटी घेऊन आत आल्या.  टाकवत नव्हती म्हणून असेल, त्यांनी उभ्याउभ्याच त्यातला घास स्वतःच्या तोंडात घातला. चावला, आणि थांबल्या. डोळे भरून आले होते, पण तोंड तात्यांनी केलं होतं तसंच कसनुसं झालेलं.

"बघा ओ बाई," त्या म्हणाल्या, "मला बी जात न्हाई."

त्यांनी वाटी खाली ठेवली, टोपलीतली दुसरी काकडी काढली, आणि विळीवर बसून तिचं डोकं कापलं.